सैल किती, घट्ट किती : रायफलच्या गॅस नळीवरील पुस्तकाची प्रस्तावना

जावळी खोऱ्यात पलटणीतून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला माणूस शोधावा लागत नाही. त्याला त्याच्या रायफलचा बट नंबर विचारा. नोकरी सुटून पंचवीस वर्षे झाली असली तरी तो सांगेल. रायफल खोलायला आणि जोडायला दिली तर हात अजून बिनचूक चालतात. पण एक गोळी सुटल्यावर दुसरी चेंबरमध्ये येते ती कशाच्या जोरावर, तो जोर ज्या नळीतून जातो ती नळी सरळ बसली आहे हे कसे ओळखायचे, असे विचारले की बहुतेक जण म्हणतात, ‘ते आर्मोररचे काम.’ उत्तर चुकीचे नाही. मात्र आर्मोरर पलटणीत मोजकेच असतात, त्यांचे शिक्षण इंग्रजी मॅन्युअल आणि हिंदी धड्यांतून होते, आणि निवृत्तीनंतर ते ज्ञान गावाकडे येते ते बोलण्यापुरते. मेढ्याच्या बाजारात चहा पिताना ‘गॅस कमी पडत होता, दोन खटके बंद केला’ अशी वाक्ये मी पुष्कळ ऐकली आहेत. त्या दोन खटक्यांमागे काय घडते हे मराठीत सलग लिहिलेले हाती लागले नाही, म्हणून हे पुस्तक.

विषय अरुंद आहे. एका शस्त्रातली एक नळी, तिची दोन टोके, तिच्या आत किंवा मागे सरकणारा एक तुकडा. कोणी विचारील की यावर पुस्तक कशाला. एक तक्ता पुरेल. तक्ते आहेत, कोतच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, भिंतीवर टांगलेलेही असतात. त्यांत कोणता भाग कुठे बसतो ते दिसते. बसला तो नीट बसला की नुसताच बसला, हे तक्ता सांगत नाही, आणि माझा सगळा रोख तिथे आहे.

वाचक कोण, हेही आधी सांगून टाकतो. भारतात अर्धस्वयंचलित रायफल सर्वसाधारण खासगी परवान्यावर मिळत नाही. आमच्याकडे रानडुकरांपासून भातखाचरे राखायला काहींकडे परवान्याची बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक असते. तिला गॅसची नळी नसते आणि या पुस्तकाचा तिला उपयोग नाही. हे लिहिले आहे ते सैन्यातल्या, राज्य राखीव दलातल्या आणि जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसांसाठी, तुरचीसारख्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडून पहिल्यांदा स्वतःच्या नावावर रायफल घेणाऱ्या शिपायासाठी, आणि यंत्र कसे चालते याची निखळ उत्सुकता असलेल्या वाचकासाठी. छिद्र मोठे करणे, भाग घासून बदलणे, रायफल आपोआप सलग चालेल असे काही करणे, यातले या पुस्तकात काहीही नाही. तपासणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले शिपायाला यावे, दुसरे आर्मोररनेच करावे.

आता मूळ गोष्ट. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला बॅरलमधून पुढे रेटतो. ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसात हा दाब क्षणभर हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या वर जातो आणि गोळी सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने तोंडाबाहेर पडते. बॅरलच्या वरच्या अंगाला, तोंडापासून काही अंतर मागे, एक बारीक छिद्र असते. गोळी ते छिद्र ओलांडून पुढे गेली की ती तोंडाबाहेर पडेपर्यंतच्या अत्यल्प वेळात थोडा वायू त्या छिद्रातून वर शिरतो. एवढ्याशा वायूने कॅरियर, म्हणजे बोल्टला घेऊन सरकणारा भाग, मागे ढकलायचा, बोल्ट उघडायचा, रिकामे खोके बाहेर फेकायचे आणि रिकॉइल स्प्रिंग दाबायची. पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये सारण्याचे काम परतणारी स्प्रिंग करते. १८८९च्या सुमारास अमेरिकेत ऑग्डेनजवळ जॉन ब्राउनिंग यांनी बंदुकीच्या तोंडातून निघणाऱ्या झोताने समोरचे गवत झुकताना पाहिले आणि हा फुकट जाणारा जोर कामाला लावता येईल असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. सहा वर्षांत कोल्ट कंपनीची गॅसवर चालणारी मशीनगन तयार झाली. तेव्हापासूनच्या सगळ्या गॅस शस्त्रांचा प्रश्न एकच आहे: त्या छिद्रापासून कॅरियरपर्यंतच्या वाटेवर वायू किती गळतो आणि सरकणारा भाग कुठे अडतो.

सातारच्या माणसाची या वायूशी ओळख रायफलने करून दिली नाही. पहिल्या महायुद्धात आपशिंग्यासारख्या गावांतून जी माणसे गेली त्यांच्या हातात .३०३ रायफल होती, तिचा बोल्ट हाताने ओढावा लागे. भारतीय सैन्याने १९३३ साली व्हिकर्स-बर्थिए ही लाइट मशीनगन घेतली, पाठोपाठ ब्रेन गन आली, आणि केरेनच्या डोंगरात व इटलीत लढलेल्या मराठा बटालियनमधल्या सेक्शनांत गॅस हा रोजचा शब्द झाला. ब्रेनच्या रेग्युलेटरला चार वेगवेगळ्या मापांची छिद्रे असत. गन मंदावली, थांबली, की रेग्युलेटर फिरवून पुढचे मोठे छिद्र लावायचे, हा धडा त्या पिढीने इतका घोटला की पुढे त्यांच्या नातवंडांनाही तो तोंडपाठ ऐकू आला. पण पायदळाच्या साध्या शिपायाकडे १९६२च्या चीन युद्धातही .३०३च होती. त्या युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे आपली एसएलआर, बनू लागली. मूळ आराखडा बेल्जियमच्या दिउदोने सैव्ह यांचा. रायफल बंगालची, तर तिची काडतुसे बनवणाऱ्या कारखान्यांपैकी दोन, खडकी आणि वरणगाव, आपल्या महाराष्ट्रातले; याचा अभिमान बाळगावा, पण खराब काडतूस आणि खराब नळी यांची लक्षणे सारखीच दिसतात, हेही ध्यानात ठेवावे.

एसएलआरवरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे. ती रायफल सैन्यातून गेली, पोलिसांकडे राहिली, आणि शिकवायला तिच्याइतके चांगले शस्त्र नाही. तिचे सगळे बाहेरून दिसते. पुढे गॅस ब्लॉक, त्याच्या तोंडाशी गॅस प्लग, मागे गॅस सिलिंडरची नळी, तिच्यात स्प्रिंग घातलेला लांब पिस्टन. वायू पिस्टनच्या डोक्यावर आदळतो, पिस्टन कॅरियरला एक ठोसा देऊन स्प्रिंगच्या जोराने परत जागेवर येतो. तपासणीची पद्धत साधी आहे. रायफल रिकामी केल्यावर गॅस प्लग काढायचा, पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर घ्यायची, स्प्रिंग बाजूला ठेवून नुसता पिस्टन पुन्हा नळीत सोडायचा आणि रायफल पुढे-मागे कलती करायची. पिस्टन स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. कुठे थबकला, खरवडल्याचा आवाज आला, एका ठराविक कोनातच सरकला, तर तीनपैकी काहीतरी आहे: पिस्टन वाकला आहे, नळीत काजळी बसली आहे, किंवा गॅस ब्लॉक आणि नळी एका रेषेत नाहीत. वाकलेला पिस्टन सपाट काचेवर लोळवला की डोलतो. काजळी असेल तर चिंदीने साफ केल्यावर अडथळा जातो. या दोन्हींनंतरही पिस्टन अडला तर हात थांबवायचा आणि रायफल आर्मोररकडे द्यायची.

इथे एक चूक सगळीकडे दिसते. पिस्टन अडतो म्हणून लोक त्याला तेल लावतात. त्या वेळेपुरता तो सरकतोही. मग रेंजवर गेल्यावर वायूच्या उष्णतेने ते तेल जळते, त्याची खळ होते आणि पंचवीस-तीस गोळ्यांनंतर रायफल पहिल्यापेक्षा वाईट अडू लागते. एसएलआरचे गॅसचे भाग कोरडे ठेवायचे असतात. उस्ताद हे ओरडून सांगत आले आहेत आणि शिपाई मान डोलावून तेल लावत आले आहेत.

दुसरी चूक रेग्युलेटरची. एसएलआरचा रेग्युलेटर जास्तीचा वायू बाहेर सोडतो. तो बंद करत गेले की पिस्टनला अधिक जोर मिळतो. त्यामुळे नळी वाकडी असली, गळत असली, तरी रेग्युलेटर बंद करत नेला की रायफल काही काळ चालते आणि दोष झाकला जातो. रेंजवर ज्याची रायफल सदैव जवळजवळ पूर्ण बंद रेग्युलेटरवर चालते, त्याने खूश होऊ नये. त्याच्या रायफलला काहीतरी झाले आहे आणि थंडीत, धुळीत किंवा ओल्या काडतुसावर वापरायला त्याच्याकडे राखीव जोर उरलेला नाही. रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून एकेक गोळी झाडत, खोके नीट बाहेर पडू लागेपर्यंत एकेक खटका बंद करत यायचे आणि मग दोन खटके राखीव द्यायचे, ही जुनी रीत नुसती सेटिंग काढण्याची नाही. दर वर्षी ते सेटिंग लिहून ठेवले तर नळीची तब्येत कळते. माझ्या मते एसएलआरच्या तपासणीत याहून उपयोगी नोंद दुसरी नाही, आणि ती क्वचितच ठेवली जाते.

एके-४७ बद्दल लिहिताना जावळीच्या माणसाला थांबावे लागते. मेढ्याच्या परिसरातले केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. सैन्यातली नोकरी करून ते मुंबई पोलिसांत गेले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर, हातात फक्त लाठी असताना, त्यांनी दहशतवादी कसाबच्या एके रायफलची बॅरल पकडली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. या खोऱ्यात एके हे सिनेमातले नाव नाही. त्या शस्त्राचे कौतुक करण्याची कोणालाही हौस नसेल, पण ते नीट समजून घेणे भाग आहे. कारण आपली दले ते वापरतात आणि आता एके-२०३ उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे बनते. पुढची पंचवीस वर्षे आमच्या पोरांच्या हातात तीच नळी असणार.

आणि एकेची नळी एसएलआरवर शिकलेल्या माणसाला चकवते. तिच्यात पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असतो, स्वतंत्र नसतो, आणि तो हाताने हलवला तर चक्क डुगडुगतो. नव्या शिपायाला वाटते, झिजला. तसा तो मुद्दाम ठेवलेला आहे. पिस्टनचे डोके गॅस ब्लॉकमध्ये शिरताना आपली जागा आपण शोधते; त्याला थोडी मोकळीक नसेल तर जरा वाकड्या बसलेल्या गॅस ब्लॉकमध्ये ते दर वेळी कडेला घासेल. वरची नळीही एसएलआरसारखी दाब धरून ठेवणारी नाही. सुरुवातीच्या धक्क्यानंतर वायूला बाहेर जायला वाट असते, ती नळी मुख्यतः पिस्टनला रस्ता दाखवते. त्यामुळे तिच्यात वायू गळतो का हे पाहण्यात अर्थ नाही. ती चेपली आहे का आणि मागच्या कुलपाच्या दांडीने नीट धरलेली आहे ना, हे पाहायचे. कसोटी म्हणजे रिकॉइल स्प्रिंग काढून कॅरियर आत ठेवायचा आणि रायफल वर-खाली कलती करायची. कॅरियर सबंध वाटेवर आपल्या भाराने घरंगळला तर नळी ठीक. साइटची माशी एका बाजूला कलती दिसत असेल तर गॅस ब्लॉकही बारकाईने पाहावा. दोन्ही बॅरलवरच दाबून आणि पिनांनी बसवलेले असतात, एक तिरके बसवणाऱ्या हाताने दुसरेही तिरके बसवले असण्याचा संभव असतो.

बैलगाडीचे चाक आसावर घट्ट ठोकले तर फिरत नाही आणि फार सैल सोडले तर वाटेत निखळते. सुताराला त्या दोहोंमधली जागा हाताने कळते. रायफलच्या बाबतीत ती जागा प्रत्येक आराखड्यात वेगळी असते, एवढाच काय तो फरक. एका रायफलवर घट्टपणा हा गुण असतो आणि दुसरीवर तोच दोष होतो. एसएलआरचा उत्तम आर्मोरर एके हातात घेताच तिला ‘दुरुस्त’ करायला धावतो, हे मी पाहिले आहे.

तिसरा प्रकार एम-१६ आणि एम-४ घराण्याचा. यूजीन स्टोनर यांच्या या आराखड्यात नळीत पिस्टन नाहीच. जेमतेम साडेचार मिलिमीटर जाडीची पोलादी नळी बॅरलवरून मागे येते आणि तिचे टोक कॅरियरवर बसवलेल्या ‘गॅस की’ नावाच्या छोट्या तोटीत शिरते. वायू नळीतून थेट कॅरियरमध्ये जातो. कॅरियर मागे गेला की तोटी नळीवरून निघते आणि पुढे आला की पुन्हा तिच्यावर चढते, दर गोळीला. यात ‘जुळणी’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. नळी रेषेबाहेर असेल तर तोटी दर वेळी तिच्या कडेला आदळते, टोक झिजते, गळती वाढते आणि एक दिवस कॅरियर पुरता मागे जाईनासा होतो.

ही तपासणी गोळी न झाडता करायची असते. रायफल रिकामी करून कॅरियर बाहेर काढा, बोल्ट त्यातून काढून बाजूला ठेवा आणि नुसता कॅरियर वरच्या रिसीव्हरमध्ये दोन बोटांनी पुढे सरकवा. शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये तोटी नळीवर चढते. तिथे बोटाला खरखर लागली, धक्का बसला, कॅरियर तिरका झाला असे वाटले, तर जुळणी बिघडली. मग कॅरियर काढून मागून प्रकाश टाकून नळीचे टोक पाहा. ते भोकाच्या मध्ये आहे की एका अंगाला? टोकावरची घासल्याची चमक सर्व बाजूंनी सारखी आहे की एकाच बाजूला? एकाच बाजूची चमक म्हणजे रोज होणाऱ्या टकरीची साक्ष. टोक मध्ये असूनही जोर कमी पडत असेल तर दोष बहुधा दुसऱ्या टोकाला: पुढच्या गॅस ब्लॉकमध्ये नळीचे छिद्र ब्लॉकच्या छिद्राखाली आले नाही, नळी उलटी बसली, ब्लॉक बॅरलवर किंचित फिरला, किंवा कॅरियरवरच्या तोटीचे स्क्रू ढिले होऊन तिथून वायू निसटतो. हा मागोवा पुस्तकात एकेका पायरीने दिला आहे. नळी आतून तार घालून घासण्याचा मोह मात्र टाळावा. तिथून गरम वायू जोरात जातो, तो तिला मोकळी ठेवतो, आणि तुटलेली तार आत राहिली तर ती काढणे महाग पडते.

एम-१६च्या इतिहासाने मला हे पुस्तक लिहायला भाग पाडले, असे म्हटले तरी चालेल. १९६०च्या दशकात ती व्हिएतनाममध्ये गेली ती ‘साफ करावी लागत नाही’ अशा ख्यातीसह. सफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नव्हते, काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा लेप नव्हता. रायफली अडल्या आणि माणसे मेली. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. रायफलमध्ये सुधारणा झाल्याच, पण १९६८ साली सैन्याने विल आइसनर या चित्रकाराकडून रायफलच्या देखभालीचे एक चित्रमय पुस्तक काढून घेतले. भाषा शिपायाची, चित्रे कॉमिकची, माहिती पक्की. जाडजूड मॅन्युअल आधीपासून होतेच. ते वाचले जात नव्हते. आपल्याकडे वाचणाऱ्याच्या भाषेत असे काही निघाले नाही, याची खंत मला वाटते.

इन्सासवरचे प्रकरण आटोपशीर आहे. ५.५६ची ही रायफल ईशापूरचीच; पिस्टन एकेच्या वळणाचा, रेग्युलेटर एसएलआरच्या वळणाचा. आधीची दोन प्रकरणे वाचलेल्याला तिच्यात नवे थोडेच सापडेल. २०१९ साली सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. त्यांचा बाह्य आकार एम-१६सारखा पण आत आखूड धावेचा पिस्टन, म्हणून बाहेरून ओळखून एम-१६ची तपासणी त्यांना लावायला जाऊ नये.

गंजावर एक प्रकरण वाढवावे लागले ते आमच्या पावसामुळे. मेढ्यात आषाढात पितळेवर हिरवी पूड चढते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. महाबळेश्वर जवळच आहे, एवढे सांगितले तरी पुरे. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावकडे गेले की पाऊस नाही आणि धूळ आहे. बंदोबस्तासाठी पोलिसांच्या रायफली एका आठवड्यात दोन्हीकडे फिरतात. ओल्या हवेत गॅस प्लग आणि नळीच्या काजळीखाली गंज धरतो, तो वरून दिसत नाही. कोरड्या भागात धूळ तेलाला चिकटते. म्हणून वर ‘कोरडे ठेवा’ म्हटले असले तरी पावसाळ्यात शस्त्र कोतमध्ये जमा करताना पातळ संरक्षक तेल आणि फायरिंगपूर्वी ते संपूर्ण पुसून काढणे, असे दुहेरी काम सांगितले आहे. ते कंटाळवाणे आहे. त्याला पर्याय नाही.

भाषेबाबत मी सोवळे पाळलेले नाही. पिस्टन, प्लग, कॅरियर, रेग्युलेटर, पुलथ्रू, चिंदी, कोत हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण रेंजवर कोणी दुसरे काही म्हणत नाही. प्रत्येक तपासणीच्या आरंभी मात्र तीच चार वाक्ये पुन्हा छापली आहेत: मॅगझिन काढा, दोनदा कॉक करा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. संपादकांनी ती एकदाच द्यावीत असे सुचवले होते. मी ऐकले नाही. कोणी पुस्तक मधूनच उघडून बसेल, तर त्यालाही ती दिसली पाहिजेत.

चित्रे डाव्या पानावर आहेत आणि समोरचे उजवे पान रेघा मारून कोरे सोडले आहे. तिथे तारीख, झाडलेल्या गोळ्या, रेग्युलेटरचा खटका आणि पिस्टनच्या डोक्यावर किंवा नळीच्या टोकावर दिसलेली खूण लिहायची. पुस्तक मळले, त्याला काजळीचे बोट लागले, तर प्रत बदलून घेऊ नये.